खेळाडू आणि त्याची जागा

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



हैदराबादेतील एका मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात फुटबॉलविषयी व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. मराठी घरात खेळ म्हटला की क्रिकेट आठवते. फार तर कबड्डी आणि खोखो. परंतु काचीगुडा आणि चादरघाट ही नावे या शहरातील मराठी माणसाला परकी नाहीत. याच काचीगुड्यातील माध्यमिक शाळेत आणि पुढे चादरघाट हायस्कुलात निजामाच्या राजवटीत एक शिक्षक नोकरी करीत होते. उस्मानिया विद्यापीठाचे ते बी. ए.; नोकरीतून वर्षभराची रजा घेऊन त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवली आणि शाळेच्या खेळांचा भार अंगावर घेतला. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात ते ‘रहीमसाहेब’ म्हणून ओळखले जातात. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, त्यामुळे नव्या पिढीलाही हे नाव ठाऊक झाले. चित्रपटात नाट्य पुष्कळ असते, ते असावेच. मात्र रहीमसाहेबांच्या कामाचा जो खरा गाभा, म्हणजे कोणत्या खेळाडूला मैदानावर नेमके कोठे उभे करावे याचा विचार, तो पडद्यावर दाखविण्यास कठीण आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. फुटबॉलमध्ये अकरा खेळाडू असतात हे सर्वांना माहीत असते. पण हे अकरा जण मैदानावर कोणत्या आकृतीत उभे राहतात याकडे सामान्य प्रेक्षकाचे लक्ष क्वचितच जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये जी मांडणी रूढ झाली तिला इंग्रजी अक्षरांवरून ‘डब्ल्यू-एम’ म्हणत. मागे तीन बचावपटू, त्यांच्यापुढे दोन हाफबॅक, त्यांच्यापुढे दोन ‘इनसाइड’ खेळाडू आणि सर्वांत पुढे तीन आघाडीपटू. या मांडणीचा मोठा गुण असा की प्रत्येकाला आपला माणूस ठरलेला असे. मधल्या बचावपटूने, म्हणजे स्टॉपरने, प्रतिपक्षाच्या सेंटर फॉरवर्डला सावलीसारखे चिकटावे. कडेच्या बचावपटूंनी विंगरना. पाठीवर क्रमांक घालण्याची प्रथाही या व्यवस्थेशी इतकी जुळून गेली की पाच क्रमांकाने नऊ क्रमांकाला धरायचे, हे शाळकरी पोरालाही पाठ असे.

आता या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का कसा बसला ते पाहण्यासारखे आहे, कारण तो एखाद्या थोर सिद्धांतातून बसलेला नाही. बुडापेस्टमधील एमटीके या संघाचे प्रशिक्षक मार्टन बुकोवी यांच्याकडे १९४८ पर्यंत नॉर्बर्ट हॉफलिंग नावाचा एक दणकट सेंटर फॉरवर्ड होता. तो इटलीतील लाझिओ संघाला विकला गेला. त्याच्या तोडीचा धिप्पाड खेळाडू बुकोवींजवळ दुसरा नव्हता. अशा प्रसंगी बहुतेक प्रशिक्षक काय करतात? जो हाताशी असेल त्याला त्या जागेत कोंबतात आणि तो अपुरा पडला की त्याला दोष देतात. बुकोवींनी जागाच बदलली. सेंटर फॉरवर्डला त्यांनी मागे, मध्यभागाकडे ओढले आणि दोन्ही इनसाइड खेळाडूंना पुढे धाडले. हीच युक्ती हंगेरीच्या राष्ट्रीय संघाने उचलली. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरविले. पाठीवर नऊ क्रमांक असलेल्या नांदोर हिदेगकुटीने तीन गोल केले. इंग्लंडचा स्टॉपर हॅरी जॉन्स्टन याची त्या दिवशी विचित्र कोंडी झाली. हिदेगकुटीच्या मागे जावे तर बचावाच्या मधोमध खिंडार पडते. जागेवर थांबावे तर हिदेगकुटी मोकळा राहतो. युरोप खंडातील संघाकडून इंग्लंडने घरच्या मैदानावर पत्करलेला तो पहिला पराभव होता. पुढच्याच वर्षी बुडापेस्टमध्ये इंग्लंडचा ७-१ असा फडशा पडला तेव्हा वेम्बली हा अपघात नव्हता हेही स्पष्ट झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही क्रांती एका उणिवेतून जन्मली. हवा तसा माणूस नव्हता म्हणून आहे त्या माणसांना शोभेल अशी रचना शोधावी लागली.

रहीमसाहेबांचे काम याच जातीचे होते; मात्र त्यांची अडचण बुकोवींहून मोठी होती. क्लबच्या प्रशिक्षकाला निदान बाजारात जाता येते, खेळाडू विकत घेता येतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला देशाने जे दिले तेच घ्यावे लागते. आणि त्या काळच्या भारताने जे दिले होते ते काही एकजिनसी नव्हते. कलकत्त्याचा खेळाडू चेंडू पायाशी ठेवून एकेकाला चकविण्यात रमणारा. हैदराबादचा खेळाडू आखूड पास देऊन लगेच मोकळी जागा गाठणारा. मुंबईच्या क्लबांतून येणाऱ्यांत गोव्याकडील खेळाडूंचा भरणा. पंजाबातून आणि लष्करातून येणारे अंगापिंडाने मजबूत. भाषा निराळ्या, आहार निराळा, आणि वर्षभर एकमेकांविरुद्ध त्वेषाने खेळण्याची सवय. त्यात देशांतर्गत सामने त्या काळी ७० मिनिटांचे असत, तर आंतरराष्ट्रीय सामना ९० मिनिटांचा. म्हणजे शेवटची २० मिनिटे आपल्या खेळाडूच्या पायांना अनोळखीच.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला. थंडीत, ओल्या मैदानावर, आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. बूट घालून सारे सुटले असते तर प्रश्न फारच सोपा होता. समोरचा संघ कोणत्या आकृतीत खेळतो, आणि त्या आकृतीला आपल्या या अकरा माणसांनी उत्तर कसे द्यायचे, हा खरा प्रश्न होता. तो प्रश्न रहीमसाहेबांनी मैदानाच्या आधी सरावात सोडविण्यास आरंभ केला.

१९५० पासून त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाला घडविले. त्या वर्षी या संघाने मोहन बागानला नमवून ड्युरँड चषक जिंकला, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स स्पर्धा जिंकली. कूपरेजच्या मैदानावर त्या वर्षांत हैदराबादचे नाव दुमदुमत होते. मुंबईच्या जुन्या मराठी क्रीडारसिकांना हा काळ ठाऊक असे. या यशामागील सराव पाहिला की शिक्षकाची नजर ओळखू येते. रहीमसाहेब अशा स्पर्धा भरवीत की जिच्यात खेळाडूने फक्त आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारायचा. उजव्या पायाचा खेळाडू डाव्यानेच खेळणार. दुसरी अशी स्पर्धा की जिच्यात चेंडू घेऊन एकेकाला चकवीत जाण्यास मनाई. मिळाला की पुढे द्यायचा. ठेंगण्या मुलांसाठी उंचीची मर्यादा घालूनही त्यांनी स्पर्धा घेतल्या.

वरवर पाहता या गमतीच्या स्पर्धा वाटतात. त्यांचे मर्म वेगळे आहे. ज्याला एकच पाय चालतो तो खेळाडू मैदानाच्या एकाच बाजूला उपयोगी पडतो. त्याला दोन पाय द्या, आणि त्याच्या दोन जागा होतात. अशी सहा-सात माणसे संघात असली की एकाच अकरा जणांतून तीन-चार रचना निघू शकतात. खेळाडूला रचनेत बसवायचे की रचनेला खेळाडूप्रमाणे वळवायचे, असा वाद फुटबॉलमध्ये आजही चालू आहे. रहीमसाहेबांनी या वादात कोणतीच बाजू घेतलेली दिसत नाही. त्यांनी आधी माणूस रुंद केला, मग त्याच्यासाठी जागा पाहिली. शाळेचे वेळापत्रक आखणाऱ्या कोणालाही यातील शहाणपण चटकन पटावे: एकच विषय शिकवू शकणारा शिक्षक कितीही विद्वान असला तरी रजेच्या दिवशी वेळापत्रक त्याच्यावाचून कोलमडतेच.

अर्थात माणूस रुंद करणे म्हणजे त्याचा स्वभाव पुसणे नव्हे. हा भेद फार नाजूक आहे, आणि बहुतेक प्रशिक्षक येथेच चुकतात. चुनी गोस्वामींचे उदाहरण घ्यावे. पायाशी चेंडू ठेवून प्रतिस्पर्ध्याला चकविणे हे त्यांचे ऐश्वर्य. अशा खेळाडूला ‘चकवू नकोस’ असे सांगणे म्हणजे गवयाला ताना घेऊ नकोस म्हणण्यासारखे आहे. ताना कोठे घ्यायच्या एवढेच सांगता येते. आपल्या अर्ध्यात चेंडू घेऊन रेंगाळणे घातक. प्रतिपक्षाच्या गोलासमोरील पट्ट्यात तीच कला प्राणघातक. म्हणून चुनींना आतल्या डाव्या जागेवर मोकळीक मिळाली आणि त्यांच्या मागे धावणारे, चेंडू परत मिळविणारे हाफबॅक उभे केले गेले. (मराठी श्रोत्यांसाठी एक आडवळण: हेच चुनी गोस्वामी बंगालच्या क्रिकेट संघाचे कर्णधारही होते आणि १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांचा बंगाल मुंबईकडून हरला.)

त्यांच्याबरोबरचे दोघे तितकेच मोठे. प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजेच पी. के., उजवी कड धरून वेगाने धावणारे आणि कोणत्याही कोनातून जोरदार फटका मारणारे. तुलसीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्यातील गरीब घरातले. चेंडू येण्यापूर्वीच तो पुढे कोठे जायला हवा हे ज्यांना दिसत असे अशा थोड्या खेळाडूंपैकी एक. सरावाला शहरात येण्यास त्यांच्याजवळ पैसे नव्हते, तेव्हा भाड्याच्या सायकलीची सोय रहीमसाहेबांनीच केली. क्लबांच्या दृष्टीने हे तिघे तीन तटांवर होते: चुनी मोहन बागानचे, बलराम ईस्ट बंगालचे आणि पी. के. ईस्टर्न रेल्वेचे. कलकत्त्यातील त्या वैराची धार ज्यांना माहीत आहे त्यांनाच, या तिघांना एका ओळीत उभे करून एकमेकांसाठी धावायला लावणे म्हणजे काय, हे कळेल. तिघांनाही चेंडू हवा असतो, आणि चेंडू तर एकच. येथे रचनेने भांडण मिटविले. पी. के. उजव्या कडेवर, बलराम डाव्या कडेकडे, चुनी आत. तिघांची मैदानावरील शेते निराळी. बांध मात्र सामाईक.

मेलबर्न ऑलिंपिकचे वर्ष १९५६. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य संपले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात, आणि या शहरातील मराठी माणूस एका रात्रीत आपल्याच गावी परप्रांतीय झाला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, हैदराबादच्या या शिक्षकाच्या संघाने मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले. पहिल्या फेरीत हंगेरीशी गाठ पडायची होती, पण हंगेरीने माघार घेतल्याने पुढे चाल मिळाली. ज्यांच्याकडून विद्या घेतली त्यांच्यासमोर परीक्षा देण्याचा योग तेव्हा हुकला. तो चार वर्षांनी रोममध्ये आला आणि भारत १-२ असा हरला, तरी तो पराभव हेलसिंकीच्या जातीचा नव्हता.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले ते नेव्हिल डिसूझा यांनी. गोव्यातील आसगावचे, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारे नेव्हिल हे गोलासमोर थंड डोक्याने उभे राहणारे खेळाडू होते. मध्यभागात येऊन चेंडू खेळविण्याचे, रचना बांधण्याचे काम त्यांच्यावर टाकले असते तर त्यांची निम्मी शक्ती वाया गेली असती. हंगेरीच्या धर्तीवर मागे राहून खेळणारा आघाडीपटू भारतीय संघातही होता. परंतु ते काम दुसऱ्याकडे, आणि नेव्हिलना टोकावर मोकळे ठेवलेले. म्हणजे नक्कल हिदेगकुटीची होती, पण आंधळी नव्हती. हंगेरीत जो नऊ क्रमांकाने मागे यायचे त्याच्या जागी भारतात कोणी मागे यावे हे आपल्या खेळाडूंचे गुण पाहून ठरले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही नेव्हिल यांचाच. मग मात्र युगोस्लाव्हियाने चार गोल केले. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० अशी मात केली आणि भारत चौथा आला. नेव्हिल यांचे चार गोल त्या ऑलिंपिकमध्ये कोणाहूनही कमी नव्हते.

ब्राझीलने १९५८ साली विश्वचषक जिंकून जी ४-२-४ ही मांडणी जगप्रसिद्ध केली ती भारतात रहीमसाहेबांनी आधीच आणली होती, असे अभिमानाने म्हटले जाते. असे ‘आधी आम्ही’ म्हणण्यात फारसे हशील नाही. त्या दशकात अनेक देशांतील माणसे एकाच कोड्याशी झुंजत होती. रहीमसाहेबांचे मोठेपण प्रथम असण्यात नाही. दुसऱ्याची युक्ती आपल्या माणसांच्या मापाने बेतण्यात आहे.

आणि माप घेण्याची ही कला सर्वांत कठोर कसोटीला लागली ती जकार्ताच्या १९६२ च्या आशियाई स्पर्धेत.

त्या स्पर्धेचे वातावरण प्रथमपासून बिघडलेले होते. यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. त्यावर भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी स्पर्धेच्या नावालाच हरकत घेतली आणि सारा रोष भारतीय पथकावर उलटला. भारतीय खेळाडूंच्या बसवर दगड पडले. मैदानावर भारताचे नाव उच्चारले की हुर्यो होई. आणि स्वतः रहीमसाहेब आजारी होते. कर्करोगाने त्यांना ग्रासले होते.

पहिला सामना दक्षिण कोरियाशी, २६ ऑगस्टला. भारत ०-२ असा हरला. दुसरा थायलंडशी, तो ४-१ असा जिंकला, पण बचावाचा मुख्य खांब जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मोठी जखम झाली आणि सहा टाके पडले. जपानविरुद्ध २-० असा विजय मिळाला आणि उपांत्य फेरी समोर आली. आता प्रशिक्षकासमोरचा हिशेब मांडून पाहावा. जर्नेलसिंग हा आशियातील उत्तम स्टॉपर. स्टॉपरचे अर्धे काम डोक्याचे, म्हणजे अक्षरशः डोक्याचे: उंचावरून येणारा प्रत्येक चेंडू त्यालाच परतवावा लागतो. सहा टाके असलेल्या माणसाला त्या जागी ठेवणे म्हणजे प्रत्येक उंच चेंडूसरशी जखम उघडण्याचा धोका पत्करणे. बाहेर बसवावे तर संघातील सर्वांत धीट माणूस बाहेर. दरम्यान मधल्या बचावात अरुण घोष उभे राहिले होते आणि त्यांनी ती जागा उत्तम सांभाळली होती. ती घडी विसकटावी का?

रहीमसाहेबांनी जर्नेलसिंगना सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरविले.

बाहेरून पाहणाऱ्याला हा जुगार वाटेल. तो तसा नव्हता. जर्नेलसिंग महाविद्यालयीन वयात पंजाबात आघाडीला खेळलेले होते, आणि खेळाडूचा हा जुना वहीखाता रहीमसाहेबांना पाठ होता. शिवाय आघाडीपटूला एक सवलत असते जी स्टॉपरला नसते: कोणत्या चेंडूसाठी उडी घ्यायची हे त्याला स्वतः निवडता येते. बचावपटूला निवड नसते. तिसरे असे की प्रतिपक्षाच्या बचावपटूंना आजवर जर्नेलसिंग आपल्या गोलासमोर दिसले होते, त्यांच्या गोलासमोर नव्हे. कोरियाने २६ ऑगस्टला जो भारत पाहिला होता तो आता अस्तित्वातच नव्हता. यातील कोणते कारण त्यांनी किती तोलले असेल हे त्यांचे त्यांना ठाऊक. पण निर्णयाची बांधणी पाहिली की तिन्ही कारणे तीत बसतात. एका बाणात दोन जागांचा प्रश्न सुटला. अरुण घोष यांच्याकडे मधला बचाव राहिला, आणि चुनी, पी. के., बलराम या तीन कलावंतांच्या मध्ये आजवर जे नव्हते ते आले, म्हणजे अंगावर धावून जाणारा बलदंड माणूस. स्टॉपरचे लक्ष त्याच्यावर खिळले की कलावंतांना श्वास घ्यायला जागा मिळते.

उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी झाला. भारताने दोन गोलांची आघाडी घेतली, ती गमावली, आणि अखेर ३-२ असा विजय मिळविला. दोन गोल चुनींचे, एक जर्नेलसिंगचा.

अंतिम सामन्यापूर्वी आणखी एक जागा ठरवायची होती, आणि ही निवड जर्नेलसिंगच्या निवडीइतकी गाजलेली नाही. पीटर थंगराज तापाने आजारी पडल्यामुळे गोलात प्रद्युत बर्मन खेळत होते आणि चांगले खेळत होते. चांगला खेळणारा माणूस काढायचा नाही, हा सर्वसाधारण नियम. तो न्यायाला धरूनही आहे. तरीही अंतिम सामन्यात थंगराज उतरले. कारण कोरियाचे उंच चेंडू, आणि थंगराज यांची उंची. बर्मन यांच्या बाजूने विचार केला तर हे कठोर आहे. काही दोष नसताना, केवळ समोरचा संघ वेगळा म्हणून, आयुष्यातील सर्वांत मोठा सामना बाहेर बसून पाहणे त्यांच्या वाट्याला आले. योग्य माणूस योग्य जागी या सूत्राचा गौरव करताना त्या जागेवरून उठविल्या गेलेल्या माणसाची नोंद बहुधा राहून जाते. येथे ती करणे उचित आहे. गंमत म्हणजे थंगराज स्वतः लष्करात आले तेव्हा सेंटर फॉरवर्ड होते. पुढे ते गोलात गेले. म्हणजे त्या दिवशी भारताच्या गोलात एक जुना आघाडीपटू होता आणि आघाडीला एक बचावपटू.

बाकीच्या रचनेतही हीच बारकाई दिसते. मध्यरक्षणातील भरवशाचे राम बहादूर त्या सामन्याला उपलब्ध नव्हते. हाफबॅकच्या जागी प्रशांत सिन्हा आणि गोव्याच्या कोलवाळचे, टाटांच्या संघातून खेळणारे फॉर्च्युनाटो फ्रँको. हैदराबादचे युसूफ खान हे हाफ आणि फॉरवर्ड या दोन्ही जागी चालणारे खेळाडू. ते आघाडीच्या मागे, दोन्हीकडे धावण्यासाठी. बचावात त्रिलोकसिंग आणि मुंबईच्या कॅल्टेक्सकडून खेळणारे चंद्रशेखर मेनन. रुंद केलेल्या माणसांचा हा संघ होता. दुबळ्या पायाच्या त्या जुन्या स्पर्धांचे पीक येथे पदरात पडले.

४ सप्टेंबर १९६२. सेनायन मैदान प्रेक्षकांनी तुडुंब भरलेले, आणि जवळजवळ सारेच भारताच्या विरुद्ध. त्या गर्दीत भारतासाठी ओरडणारी मंडळी थोडी होती, आणि त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू होते, असे भारतीय खेळाडूंनीच पुढे सांगितले आहे. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगनी दुसरा. डोक्याला पट्टी असलेला हा बचावपटू कोणी धरायचा, हे कोरियाच्या बचावाला समजेपर्यंत सामन्याचा कल ठरून गेला होता. नंतरचा सारा वेळ बचावाचा. थंगराज यांचे लांब हात आणि अरुण घोष यांचा शांतपणा. शेवटी-शेवटी कोरियाने एक गोल फेडला. २-१. नऊ दिवसांपूर्वी ज्या संघाने ०-२ असे हरविले होते त्याच संघावर, जवळजवळ त्याच खेळाडूंनिशी, निराळ्या जागांवर उभे राहून मिळविलेला हा विजय होता. आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर आजतागायत मिळालेले नाही.

रहीमसाहेबांच्या पद्धतीला एक मर्यादा होती, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे त्यांच्यावरच अन्याय होईल. ही सारी जाणीव एका माणसाच्या डोक्यात होती. कोण कोठे खेळलेला आहे, कोणाचा कोणता पाय कच्चा होता आणि तो किती सुधारला, कोण कोणाशी बोलत नाही, हे त्यांना माहीत होते. पण ती माहिती पुढच्या माणसाच्या हाती पडेल अशी व्यवस्था देशाने उभारली नव्हती. ज्या शाळांतून, ज्या पोलीस मैदानांवर त्यांनी मुले घडविली तेथे त्यांच्यामागे तशीच नजर असलेली माणसे तयार व्हायला हवी होती. काही झालीही, पी. के. बॅनर्जी पुढे नामांकित प्रशिक्षक झाले आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदकही मिळविले. परंतु दुबळ्या पायाच्या, चकवण्यास बंदी असलेल्या, ठेंगण्या मुलांच्या त्या स्पर्धा हळूहळू विस्मरणात गेल्या. सुवर्णपदकाची छायाचित्रे टिकली, सरावाची वही टिकली नाही.

जकार्ताहून परतल्यावर रहीमसाहेबांची प्रकृती खालावत गेली. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. त्याच सुमारास बलराम यांनाही आजारपणामुळे ऐन तारुण्यात खेळ सोडावा लागला. २०२३ साली ते गेले. पी. के. आणि चुनी २०२० मध्ये थोड्या आठवड्यांच्या अंतराने गेले. जर्नेलसिंग मोहन बागानमध्ये परतले आणि तेथे ते पूर्वीसारखे स्टॉपर म्हणून खेळत राहिले. सेंटर फॉरवर्डची ती जागा त्यांना जकार्तापुरती दिलेली होती.